वरचं तावदान

तिया एर्मीनियाने खिडक्या बदलायचं काढलं तेव्हा पहिली आठी माझ्या कपाळाला पडली. तिचं इंग्रजी म्हणजे ‘येस’, ‘नो’ आणि ‘टू मच’. मग खिडकीवाल्याशी बोलायचं कुणी? झुल्मिराने, म्हणजे मी. तिला डॉक्टरकडे न्यायचं कुणी? झुल्मिराने. गॅसवाल्यांशी फोनवर भांडायचं कुणी? पुन्हा झुल्मिराच. आमचं घर तीन मजल्यांचं, लाकडी. खाली मी आणि माझा नवरा, मधल्या मजल्यावर भाडेकरू येतात आणि जातात, आणि सगळ्यात वर घरमालकीण तिया एर्मीनिया, एकटी. नात्याने ती माझी कुणी नाही. पण आम्हा पोर्तुगीजांत मोठ्या बाईला तिया, म्हणजे मावशी, म्हणायची पद्धत आहे, आणि एकदा का तोंडातून तिया निघालं की भाचीची सगळी कामं आपोआप गळ्यात पडतात.

“झुल्मिरा,” ती जिन्यातून ओरडली, “त्या खिडकीवाल्याला फोन कर. समोरच्या तीन खिडक्या.”

“आणि मागच्या?”

“मागच्या खिडक्यांखालून कोण जाणार आहे? मांजर?”

आता बघा. ती झोपते मागच्या खोलीत. हिवाळ्यात तिथल्या फटींमधून असा वारा येतो की बंद खिडकीचा पडदा हलतो, आणि ती लोकरीची टोपी घालून झोपते. स्वयंपाकघरही मागेच. समोरच्या खोलीत कुणी बसत नाही, तिथल्या सोफ्यावरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही. तरी नव्या खिडक्या समोरच्याच. मी वाद घातला नाही, कारण हे सगळं कशासाठी चाललंय ते मला ठाऊक होतं. गल्लीत सगळ्यांनाच ठाऊक होतं, म्हणजे आमच्यातले जे कुणी गल्लीत उरले होते त्यांना.

कारण होतं मिरवणूक. दर जुलैत पवित्र आत्म्याच्या सणाला चांदीचा मुकुट वाजतगाजत निघतो. पांढऱ्या झग्यातली एक मुलगी तो तबकात धरून चालते, मागे बँड, निशाणं, मंडळाचे लोक, घामाघूम झालेले पाद्री, आणि शेवटी मंडळाच्या हॉलमध्ये सगळ्यांना पुदिना घातलेलं मटणाचं सूप आणि पाव फुकट. मुकुट ज्या रस्त्याने जातो तिथल्या घरांनी आपला सगळ्यात चांगला पलंगपोस खिडकीतून बाहेर सोडायचा. आमच्या आयांनी समुद्रापलीकडच्या आमच्या बेटावरून इकडे येताना पेटीत दुसरं काही आणलं नसेल, पण एक विणलेला पलंगपोस आणलाच. त्या दिवशी खिडकी उघडीबोडकी ठेवणं म्हणजे दारात आलेल्या पाहुण्याला पाठ दाखवणं.

ह्या फॉल रिव्हर गावात आमची गल्ली म्हणजे नुसता चढ, आणि तिया एर्मीनियाचं घर चढाच्या माथ्यावर. बाकीच्या बाया पलंगपोस सोडून वर कोपर टेकायच्या, बाहेर वाकायच्या, फुलं उधळायच्या. एर्मीनियाची उंची माझ्या खांद्याएवढी आणि उंचावरून वाकायची तिला भयंकर भीती. म्हणून तिच्या नवऱ्याने, जासिंतोने, युक्ती काढली होती. खालचं तावदान वर करायचं, पलंगपोस खिडकीच्या कट्ट्यावरून बाहेर सोडायचा, तावदान त्याच्यावर घट्ट खाली आणायचं. पलंगपोस चिमटीत बसला. मग वरचं तावदान खाली ओढायचं आणि तिने आत स्टुलावर उभं राहायचं. रस्त्यावरून बघितलं तर लाल-निळा पलंगपोस, त्याच्यावर काच, आणि काचेच्या वर तिचं डोकं आणि फुलांनी भरलेल्या दोन मुठी. चढ चढून बँडवाले तिथे धापा टाकत थांबायचे. मुकुट घेतलेली मुलगी वर बघायची. सगळेच वर बघायचे. मग ती फुलं सोडायची, हळूहळू, कंजूष बाई मीठ टाकते तशी, म्हणजे शेवटच्या माणसापर्यंत पुरतील.

वर्षातून तेवढं एकदाच तिच्याकडे कुणी मान वर करून बघायचं. मी हे उगाच म्हणत नाही. एकोणीस वर्षांची असताना ती आली ती फोटोतल्या नवऱ्याकडे, लग्न बेटावरच लागलेलं, नवऱ्याच्या जागी त्याचा काका उभा करून. दुसऱ्या आठवड्यात ती पडद्यांच्या कारखान्यात मशीनवर बसली ती म्हातारी होऊनच उठली. एवढी वर्षं लोकांच्या खिडक्यांचे पडदे शिवले, पण कारखान्यात तिचं नाव कुणाला धड घेता येत नव्हतं. तिला मिनी म्हणायचे. ती ओ द्यायची.

बोलायला तिला एकच माणूस लागायचं, समोरच्या घरातल्या वरच्या मजल्यावरची एदुआर्दा. एदुआर्दा म्हणजे तिची कोमाद्रे, तिच्या मुलाची धर्ममाता. दोघी आपापल्या खिडकीत, खिडकीच्या कट्ट्यावर उशी, उशीवर कोपर, मधे रस्ता. फोन दोघींकडे होता, पण त्यावर बोलणं म्हणजे त्यांना पैसे नाल्यात टाकल्यासारखं वाटायचं.

“कोमाद्रे, काय शिजतंय?”

“केलच्या भाजीचं सूप.”

“काल पण तेच होतं!”

“कालचंच आहे. तू काय माझ्या भांड्याची पोलीस?”

खाली आम्ही गाड्या लावत असू, पोरं सायकली फिरवत, आणि डोक्यावरून हे असं चाललेलं. मला तर कित्येकदा ओरडावंसं वाटायचं की बायांनो, जरा तोंडाला विश्रांती द्या. आता ते आठवलं की जीव कासावीस होतो. आधी जासिंतो गेला, मग एदुआर्दा गेली. तिच्या मुलांनी घर विकलं. नवीन लोक वाईट नाहीत, पण त्यांनी एदुआर्दाच्या खिडकीत एसीचा डबा बसवला आणि पट्ट्यांचा पडदा खाली ओढला तो ओढलाच. एर्मीनियाने उशी कित्येक दिवस कट्ट्यावर ठेवली होती. मग एक दिवस ती दोरीवर धुऊन वाळत घातलेली दिसली, आणि पुन्हा काही खिडकीत आली नाही.

तिचा मुलगा गिल फ्लोरिडात असतो. दर रविवारी फोन करतो, सणाला फुलं पाठवतो, आई इथेच हवी की तिथे यावर बायकोशी भांडतो आणि काही ठरवत नाही.

एदुआर्दा गेल्यावर आमच्या गल्लीत पलंगपोस सोडणारी खिडकी एकच उरली. (माझ्याकडे पलंगपोस नाही. सासूने सगळे नणंदेला दिले, तो विषय आत्ता नको.) तरी मिरवणूक येत होती. एका खिडकीसाठी का होईना, चढत होती.

आणि मग गेल्या वर्षी ती खिडकी उघडलीच नाही.

जुन्या खिडक्या. भिंतीच्या पोकळीत दोरीला लोखंडी वजनं टांगलेली, तावदान वर गेलं की वजन आत खाली उतरायचं. जासिंतो दरवर्षी जूनमध्ये खाचांना मेणबत्ती घासायचा. तो गेल्यावर मेणबत्ती कोण घासणार? त्यात गिल एकदा सुट्टीत आला आणि मोठ्या प्रेमाने सगळ्या चौकटींना रंग मारून गेला. रंगाने तावदान असं चिकटलं की देवाचं नाव घ्यावं. सणाच्या सकाळी तिने ढकललं, उचललं, सुरीने रंग कापला, लाटण्याने ठोकलं. मग मला हाक मारली. मी वर जाऊन जोर लावला तर आतली दोरी तुटली, वजन भिंतीत दाणकन पडलं, आणि तावदान तिरकं होऊन जे अडकलं ते अडकलंच. शेजारच्या दोन खिडक्यांचं तेच. खाली बँड चढाला लागला होता.

ती पलंगपोस छातीशी धरून बंद काचेमागे उभी राहिली. मिरवणूक आली, थांबली. मंडळाचा अध्यक्ष लिओनेल, त्याने वर बघितलं. बोडकी खिडकी. त्याने खाली बघितलं आणि हाताने बँडला खूण केली, चला. ती आत काचेवर बोटं वाजवत होती, “आहे रे, मी आहे!” आपल्या भाषेत, मोठ्याने. ट्रम्बोनसमोर कुणाला ऐकू येणार? मी तिच्या शेजारी उभी होते. तिने पलंगपोसाची घडी घातली, कोपऱ्याला कोपरा लावून, आणि म्हणाली, “त्यांना वाटलं मला नको आहेत ते.”

शरदात लिओनेल मला बेकरीत भेटला. सहज बोलल्यासारखा म्हणाला, “तुमचा चढ आता बंद करावा म्हणतोय. गेल्या वर्षी तर तिया एर्मीनियानेसुद्धा काही घातलं नाही. कुणाला हौस नाही राहिली.”

“अरे शहाण्या, खिडकी अडकली होती!”

“मग सांगायचं ना,” म्हणाला आणि गोड पाव घेऊन चालता झाला. मी घरी येऊन हे तियाला सांगितलं, कारण माझ्या पोटात काही राहत नाही. आणि मग वसंतात ही हाक: समोरच्या तीन खिडक्या.

खिडकीवाला पेल्टिये म्हणून, मूळचा फ्रेंच कॅनडाकडचा, नाकावर घामाचे थेंब, हातात दोन पेट्या. जिने चढून वर आला तेव्हा आधी त्याला पाणी द्यावं लागलं. पेट्यांमध्ये खिडक्यांचे छोटे छोटे नमुने, लहान मुलांच्या खेळण्यासारखे. त्याने पहिला टेबलावर ठेवला, मूठ फिरवली, काच दारासारखी बाहेर उघडली.

“वा वा, काय हवा येते बघा,” तो म्हणाला. मी ते तियाला आपल्या भाषेत सांगितलं.

तिने मूठ एकदा फिरवली, दोनदा फिरवली. “ही बाहेर उघडते. मग पलंगपोस कुठे जाणार? काचेवर वाळत घालू?”

“ती म्हणते हिच्यावर पलंगपोस राहणार नाही.”

“कसला पलंगपोस?” पेल्टिये म्हणाला.

घ्या. आता ह्याला सगळी मिरवणूक सांगा! मी मुकुटापासून सुरुवात केली आणि सुपापर्यंत पोचले. त्याने मान हलवली, घाम पुसला आणि दुसरा नमुना काढला. आडवी सरकणारी. तेवढ्यात फ्लोरिडाहून गिलचा फोन, तो लाउडस्पीकरवर टाकला.

“माई, आडव्या सरकणाऱ्या घे. त्यांना ताकद लागत नाही.”

“गिल, त्या अर्ध्याच उघडतात.”

“मग काय झालं? हवा येते ना?”

“अर्धा पलंगपोस सोडू? अर्धा आत्मा येणार आहे का?”

“माई, आजकाल कोण सोडतं गं...” तिकडे उंटावर बसून शेळ्या हाकायला ह्याचं काय जातंय! मी फोन उचलला आणि सांगितलं की बाबा, तुझी आई कामात आहे.

तिसरा नमुना बरोबर होता असं वाटलं. खालचं तावदान वर सरकत होतं, छान, गुळगुळीत. तिने लगेच वरच्याला हात घातला. ते हललं नाही.

“ते पक्कं असतं,” पेल्टिये म्हणाला. “स्वस्त पडते. आजकाल वरचं तावदान कोण उघडतं?”

हे मला सांगावं लागलं नाही. तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि नमुना बोटाने त्याच्याकडे परत ढकलला. “नो,” म्हणाली.

मग त्याने पेटीच्या तळातून चौथा काढला. डबल-हंग. दोन्ही तावदानं वर-खाली होणारी, जुनीच पद्धत, फक्त भिंतीत वजनांऐवजी चौकटीत स्प्रिंग. तिने खालचं वर केलं, वरचं खाली केलं, दोन्ही मधे आणली, पुन्हा जागच्या जागी. मग उठली आणि आतून पलंगपोस घेऊन आली. त्या वीतभर नमुन्यात तो जाड लोकरीचा पलंगपोस कोंबून तिने वरून तावदान दाबलं. बसला चिमटीत. ओढून बघितला. निघाला नाही.

“पण मग कडी लागणार नाही,” पेल्टिये म्हणाला. “कापड मधे आलं की.”

“कडी कशाला? चोर काय शिडी लावून पलंगपोस न्यायला येणार?”

“आणि बाहेरून जाळी देतो. फुकट.”

“जाळी नको. जाळीतून फुलं पडत नाहीत.”

“डास येतील, मॅडम.”

“त्या खोलीत डासाने चावायला आहे कोण?”

हे मी जसंच्या तसं सांगितलं आणि तो हसला. ती हसली नाही, मीही नाही. मग तो फीत काढून खिडकीचं माप घ्यायला लागला. तिने त्याला थांबवलं. जासिंतोचं स्टूल आणलं, त्याच्यावर चढून खिडकीसमोर उभी राहिली आणि हनुवटीवर बोट ठेवून दाखवलं: मधली पट्टी ह्याच्या वर यायला नको. बिचाऱ्याने आधी तिचं माप घेतलं, मग खिडकीचं. माझ्या कानात म्हणाला, “अशी गिऱ्हाईकं मला आवडतात. काय हवंय ते त्यांना ठाऊक असतं.” मग म्हणाला, “मोठी असते का ही मिरवणूक?”

“असायची,” मी म्हणाले.

मे महिन्यात खिडक्या बसल्या. कामगारांनी भिंतीतली लोखंडी वजनं काढून व्हरांड्यात टाकली, जासिंतोने बांधलेल्या गाठींसकट. तिने त्यातलं एक उचलून पुसलं आणि दाराला अडकण म्हणून ठेवलं. मग त्या खिडक्यांचं जे वेड लागलं! रोज संध्याकाळी मी दारात खुर्ची टाकून बसते, तर वर तिचं चाललेलं. खालचं वर, वरचं खाली.

“झुल्मिरा, बघ! एका बोटाने!”

“बघितलं, तिया!”

“आणि बंद केली की बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही!”

“चांगलं आहे की!”

“हो,” म्हणाली. “काहीच येत नाही.”

दुसऱ्या दिवसापासून तिने वरचं तावदान चार बोटं उघडं ठेवायला सुरुवात केली.

जूनच्या सुरुवातीला ती म्हणाली, “मला हॉलवर ने. लिओनेलला सांगते खिडक्या नीट झाल्या म्हणून.” तिने सणाचे काळे बूट घातले, हातात पर्स घेतली. हॉलमध्ये लिओनेल आणि दोघे-तिघे लांब टेबलं पुसत होते.

“लिओनेल, बाळा,” ती म्हणाली, “गेल्या वर्षी खिडकी अडकली होती. आता नवीन केल्या. तिन्ही. वरचं पण उघडतं.”

लिओनेल माणूस वाईट नाही. पण त्याला नाही म्हणता येत नाही, आणि असली माणसं वाईटांपेक्षा जास्त त्रास देतात. त्याने फडका हातात पिळला. “तिया, मंडळाचं असं आहे की... बँडवाले म्हातारे झालेत. ट्युबावाल्याच्या हृदयात काहीतरी बसवलंय. तो चढ म्हणजे...”

“ट्युबावाल्याचं नाव नको सांगूस,” मी म्हणाले. “धाप लागते ती तुझ्या पोटाला.”

“झुल्मिरा, तू मधे पडू नकोस! पण तिया, तूच सांग, कुणासाठी चढायचं? अख्ख्या गल्लीत एक खिडकी.”

“एदुआर्दा गेल्यावर एकच होती,” ती म्हणाली. “तेव्हा चढत होतात.”

तो टेबलाकडे बघत राहिला. “बघू,” म्हणाला.

गाडीत ती खूश होती. “बघू म्हणाला.”

“तिया, लिओनेलचं बघू म्हणजे नाही. लग्नात त्याच्या बायकोने विचारलं असतं तरी तो बघूच म्हणाला असता.”

“तू त्याला लहानपणापासून टोचतेस म्हणून तो तुझ्यासमोर हो म्हणत नाही.”

दोन रविवारांनी चर्चमध्ये मिरवणुकीचा रस्ता वाचून दाखवला. खालचा बाजाररस्ता, नदीकडची बाजू, तिथून हॉल. आमची गल्ली नाही. ती माझ्या शेजारीच बसली होती, ऐकलं तिने. मी तिचा हात धरला तर तिने तो सोडवून घेतला आणि प्रार्थनेचं पान शोधू लागली. घरी आल्यावर मी स्पष्ट बोलले, कारण कुणीतरी बोलायला हवं होतं.

“तिया, ते येणार नाहीत. रस्ता ठरला.”

“ठरवला तेव्हा त्यांनी खिडकी कुठे बघितली होती?”

“खिडकी दिसायला आधी चढावं लागेल ना!”

“खालच्या कोपऱ्यावरून दिसते,” ती म्हणाली. “कोपऱ्यावरून जाताना डावीकडे मान केली की सरळ वर माझी खिडकी. मी जाऊन बघून आले.”

बघून आले! तो चढ उतरून, परत चढून, त्या गुडघ्यांनी. पुढे काय बोलणार? पालथ्या घड्यावर किती पाणी घालायचं! मला तिचा राग आला, लिओनेलचा आला, फ्लोरिडात बसलेल्या गिलचा आला, आणि जास्त राग ह्याचा आला की मलाही वाटायला लागलं होतं की कुणी सांगावं, वळतीलही.

सणाच्या दिवशी कडक ऊन. सकाळीच तिने जिन्याशेजारच्या पिंपातली निळी हायड्रेंजियाची फुलं सगळीच्या सगळी खुडली, माझ्या दारातले गुलाब विचारून घेतले, आणि कोपऱ्यावरच्या बाईचे न विचारता. मी वर गेले. तिन्ही खिडक्यांतून पलंगपोस सोडले: मधल्या खिडकीत तिचा, एकीकडे तिच्या सासूचा, आणि तिसरा बघून मी तिच्याकडे बघितलं.

“एदुआर्दाचा,” ती म्हणाली. “तिच्या मुलांनी कचऱ्याच्या पिशवीत घालून फुटपाथवर ठेवला होता. मी उचलला.”

खालची तावदानं आम्ही दोघींनी दाबून बसवली. मधल्या खिडकीचं वरचं तावदान तिने स्वतः खाली ओढलं, एका हाताने, आणि स्टुलावर चढली. अंगावर नवे कपडे, केसांना पिना, परडीत फुलं. “आता तू खाली जा,” म्हणाली. “खालून कसं दिसतं सांग.”

मी खाली गेले आणि रस्त्यात उभी राहिले. खोटं बोलत नाही, मी आजवर पाहिलेल्यात सगळ्यात सुंदर दिसत होतं ते. सगळी गल्ली करडी, बंद, एसीचे डबे टपटप गळताहेत, आणि माथ्यावर ते तीन रंगीत पलंगपोस, आणि मधल्याच्या वर तिचं छोटं डोकं.

“कसं दिसतंय?”

“झकास दिसतंय, तिया!”

“सरळ आहे?”

“अगदी सरळ!”

मग बँड ऐकू आला. नदीकडून, आधी नुसता ढोल, मग पितळी वाद्यं. तिने मुठी भरल्या. आवाज वाढत गेला, वाढत गेला, आणि चढाच्या तळाशी कोपऱ्यावर पहिलं लाल निशाण दिसलं. निशाणं आली, पांढरा झगा आला, मुकुटावर ऊन चमकलं. लिओनेल दिसला. त्याने डावीकडे मान केली. केली, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, त्याने वर बघितलं, तिन्ही पलंगपोस बघितले. एक क्षण थांबला. मागचा ट्युबावाला त्याच्यावर आदळता आदळता राहिला. आणि मग लिओनेलने डोक्यावरची टोपी काढली, छातीशी धरली, पुन्हा घातली आणि सरळ निघून गेला. त्याच्यामागे सगळे सरळ निघून गेले. बँड हळूहळू बारीक होत गेला.

वर ती तशीच उभी. मुठी काचेच्या कडेवर.

मला रडू फुटलं आणि माझंच मला कळेना काय करावं. मी रस्त्याच्या मधोमध आले. चढावरून थोडी खाली गेले, वळले, आणि पुन्हा वर चालू लागले, सावकाश, हात पुढे धरून, तबकात काहीतरी असल्यासारखे. साठी जवळ आलेली, घरातल्या चपला घातलेली बाई, आणि मी मुकुट घेऊन चाललेय! समोरच्या घरातल्या पट्ट्यांच्या पडद्यात दोन बोटांची फट झाली. बघू दे मेल्यांना. मी तिच्या खिडकीखाली येऊन थांबले, बँड थांबायचा तिथेच, आणि मान वर केली.

“टाका, तिया,” मी म्हणाले. “टाका फुलं.”

तिने माझ्याकडे बघितलं. खूप प्रेमाने बघितलं, ते खोटं नाही. मग तिची नजर माझ्या डोक्यावरून खाली कोपऱ्याकडे गेली.

“बाजूला हो, पोरी,” ती म्हणाली. “रस्त्यात उभी राहू नकोस. ते येतील आता.”

मी बाजूला झाले.